दोनशेपटी

“अगं, घड्याळ लाव!” ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभे राहून हे ओरडले, आणि काठावरच्या दगडावर बसल्या बसल्या मी घड्याळाचं बटण दाबलं.

तीन मिनिटं पायानं तळाचे दगड ढवळायचे. उठलेला गाळ आणि त्यातले जीव वाहत येऊन जाळ्यात पडतात. मग जाळं पांढऱ्या ट्रेमध्ये उलटं करायचं, पाणी निवळू द्यायचं आणि मोजायचं. पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत यांची उभी हयात यातच गेली. ओढ्याची तब्येत त्याच्या पोटातल्या किड्यांवरून कळते, हे मी लग्नाच्या आठव्या दिवशी ऐकलं. नव्या नवरीनं काय काय ऐकायची स्वप्नं बघावीत, आणि माझ्या वाट्याला किडे!

पूर्वी यांच्यासोबत जोडीदार असायचा. तो तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाला, त्याची जागा कुणी भरली नाही. तेव्हापासून मोजणी यांची एकट्याची. यंदा गुडघा दुखतोय म्हणून मी हट्टानं मागे लागून आले.

दोन्ही काठांची झाडं ओढ्यावर वाकली होती. पानांतून गळलेलं ऊन पाण्यात हलत होतं. पाणी सारखं काहीतरी सांगत होतं, आणि दुपारच्या अर्धवट झोपेत शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकावं तसं मी ते ऐकत होते. माझ्या हातातलं घड्याळ सोडलं तर तिथं कशालाच घाई नव्हती. या ओढ्याला मी आयुष्यभर सवत म्हणत आले, पण त्या क्षणी मला ती आवडली.

हे मात्र घाबरलेले होते. तीन वर्षं ओढ्याचे आकडे उतरत होते. यंदाही कमी आले तर ओढा राखीव यादीतून जाणार आणि काठची झाडं तोडायला रान मोकळं होणार. जेवता जेवता यांचा घास हातातच राहायचा. “ओढा चाललाय गं,” म्हणायचे, आजारी भावाबद्दल बोलावं तसं.

“झाली तीन मिनिटं!” मी म्हणाले.

पाणी निवळल्यावर हे ट्रेवर इतके वाकले की नाक बुडायचं बाकी राहिलं. “गोगलगायी चार. घर पाठीवर घेतलेली अळी एक. दोनशेपटी...” यांनी ट्रे उन्हाकडे वळवला. “दोनशेपटी शून्य.”

दोनशेपटी म्हणजे दगडाखाली राहणारा, मागे दोन शेपट्यांसारखे दोन दोरे असलेला इवलासा किडा. थंड, स्वच्छ, खळाळत्या पाण्यातच तो जगतो. पाणी बिघडलं की पहिला तोच जातो.

मी प्यायचं पाणी द्यायला उठले आणि सहज ट्रेमध्ये डोकावले.

“अहो, मग हे काय?”

“कुठे?”

“हे. आणि हे. त्या पानाखाली आणखी दोन.”

“काड्या असतील.”

“काड्या चालतात होय? काखेत कळसा आणि...” मी बोलायला लागले आणि यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. हे माझ्या बोटाच्या जरा बाजूला बघत होते.

गेली दोन-तीन वर्षं हे पेपरची छपाई फिकट आली म्हणून कुरकुरत होते. दिवाणखान्यातला बल्ब दोनदा बदलून झाला होता. मघाशीच म्हणाले होते, “पाणी हल्ली गढूळ असतं.” आणि समोरच्या पाण्यात मला तळाची रेती कणाकणानं दिसत होती. डोळ्यांत तेल घालून मोजणारा माझा माणूस!

“मोज,” हे हळूच म्हणाले.

आयुष्यभर धान्य निवडलेले डोळे माझे. “अकरा.”

“पुन्हा मोज.”

“अकराच.”

हे ओल्या कपड्यांनीच दगडावर बसले. आता रडतात की काय, असं मला वाटलं.

“म्हणजे ओढा बरा आहे,” हे म्हणाले.

“ठणठणीत आहे हो. उगाच...”

“उगाच डॉक्टरच आजारी होता.” आणि हे हसले. तीन वर्षांत असं हसू मी बघितलं नव्हतं.

मग फॉर्म माझ्याकडे देऊन म्हणाले, “लिही. मोजणी पत्नीने केली. माझी दृष्टी मंदावली आहे. मागील तीन वर्षांचे आकडे धरू नयेत. जाणकाराकडून तातडीने फेरमोजणी व्हावी.”

पेन माझ्या हातात तसंच राहिलं. “एवढं कशाला? अकरा लिहा आणि सही करा. जुनं कोण उकरतंय? सात महिन्यांवर निवृत्ती आलीय. इतक्या वर्षांचं नाव तुमचं...”

“ते आकडे खोडले नाहीत तर ओढ्याच्या माथी राहतील. चूक माझी आहे.”

“पुन्हा पाठवतील तुम्हाला इथे?”

“नाही.”

मी लिहिलं, अक्षर न् अक्षर. सहीच्या ओळीवर बोट ठेवलं. यांनी बोट चाचपलं आणि त्याच्या कडेनं सही केली.

“आता सोड त्यांना. ओतायचं नाही हं, ट्रे पाण्यात टेकवायचा.”

मी टेकवला. एकेक करत दहा गेले. अकरावा कडेला चिकटून बसला होता. मी त्याला अलगद बोटावर घेतलं आणि यांच्या ओल्या तळहातावर ठेवलं. हे डोळे मिटून, श्वास रोखून बसले. वर पानं हलत होती, खाली पाणी वाहत होतं.

“चालतोय,” हे म्हणाले, आणि हात पाण्यात बुडवला.