लाल अक्षरांचे पहिले पान

मित्रांनो, मी एक जुने पान आहे, पण कागदाचे नाही. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या वेबसाइटचे मी पहिले पान. नवा माणूस आधी मलाच भेटायचा, आणि मलाच घाबरायचा.

पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले, त्या काळातला माझा जन्म. उत्कर्षा नावाच्या मुलीने मला घडवले. तिचे साहेब सुदर्शन यांनी मला दोनच गोष्टी शिकवल्या. आधी रुग्णाचे पूर्ण नाव विचारायचे, आणि ते मिळाले नाही तर लाल अक्षरांत 'चूक! पुन्हा भरा' असे बजावायचे. त्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीत माझ्या शिस्तीचे फार कौतुक झाले.

मग मला रुग्णालयाच्या दारातल्या, बोटाने चालणाऱ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर बसवले. साहेब उत्कर्षाला म्हणाले, "लोक कुठे अडतात ते मागे उभं राहून नुसतं बघ. मदत करायची नाही. नंतर काय प्रत्येकाच्या मागे उभी राहणार आहेस?"

पहिल्याच सकाळी मांजरी गावच्या मालनबाई धावत आल्या. नवऱ्याच्या छातीत कळा येत होत्या. त्याला बाहेर बाकावर बसवून त्या नंबर लावायला आल्या, तर खिडकीतल्या माणसाने मान वर न करता माझ्याकडे बोट दाखवले.

मालनबाई प्रौढ वर्गात अक्षरे शिकल्या होत्या. "रु-ग्णा-चे पू-र्ण ना-व," त्यांनी वाचले आणि बोट हवेतच थांबले. जागा रिकामी ठेवून त्यांनी 'पुढे' दाबले. मी लाल झाले. मला दुसरे काही येतच नव्हते.

"अगं बाई! लाल का झालं? ह्यांचं काही बरंवाईट हाय का?"

उत्कर्षाला राहवले नाही. "मावशी, पेशंटचं फक्त नाव टाका ना."

"आमच्यात नवऱ्याचं नाव घेत न्हाईत, पोरी. त्याचं आयुष्य कमी हुतं. आन् नेमकं आजच घेऊ व्हय?"

त्यांनी पुन्हा 'पुढे' दाबले. मी पुन्हा लाल. मित्रांनो, त्या क्षणी मी मालनबाईंहून जास्त घाबरले. बाहेर माणूस कळवळत होता आणि दार मी अडवून धरले होते. 'आत या' म्हणावेसे वाटले, पण ते शब्द मला कोणी दिलेच नव्हते.

"अगं, टेस्ट चालू आहे!" मागे उभे असलेले साहेब ओरडले. उत्कर्षा केव्हाच बाकापाशी पोहोचली होती.

"काका, तुमचं नाव?"

"रंगराव." घामाने भिजलेला तो माणूस कसाबसा हसला. "तिनं सांगितलं न्हाई ना? लग्नापासनं 'अहो' हेच नाव हाय माझं."

त्यांना चाकाच्या खुर्चीतून आत नेले.

"एका बाईसाठी अख्खं पान बदलायचं?" साहेबांनी विचारले.

"सर, दारात कळवळणाऱ्याला आधी पूर्ण नाव विचारणारे आपणच."

साहेबांनी बाहेरच्या रिकाम्या बाकाकडे पाहिले. मग म्हणाले, "आधी तो लाल रंग काढ."

उत्कर्षाने मला नव्याने घडवले. आता मी आधी 'कोणासाठी आलात?' आणि 'काय त्रास होतो?' एवढेच विचारत असे. खाली मोठे बटण होते, 'फार दुखत असेल तर इथे दाबा, माणूस येईल'. नाव सगळ्यात शेवटी, तेही रुग्णाने स्वतः सांगितले तरी चालायचे.

पण रंगरावांचे काय झाले, हे मला कोणी सांगितले नाही. रोज सकाळी पडदा उजळला की मी आधी मालनबाईंना शोधायचे.

एके दिवशी मालनबाई दिसल्या. 'कोणासाठी आलात?' मी भीत भीत विचारले. त्यांचे बोट घुटमळले, आणि 'नवऱ्यासाठी' वर टेकले.

"अगं, चष्मा घाल की," मागून आवाज आला.

"अहो, थांबा की जरा! वाचतीय मी."

मित्रांनो, आता माझ्या जागी नवे पान येणार आहे. त्यालाही आधी लाल होणेच शिकवतील का, ही भीती मला सोडत नाही. उद्या तुम्हीही अशी पाने आणि अशी दारे घडवाल. पहिल्यांदा येणारा माणूस घरूनच घाबरून आलेला असतो. त्याला आधी 'या, बसा' म्हणा. नाव काय, मागाहूनही कळते.