मुलुंडचा फणस आणि मालनचा सोनटक्का

मित्रांनो, जरा थांबा. रोज शाळेला जाताना कुंपणापाशी येता, माझ्या अंगावरचे फणस मोजता आणि पळता. आज घाई नसेल तर माझंही थोडं ऐकून घ्या. मी भाऊंच्या घरामागचा जुना फणस. तुम्ही सोडलात तर माझ्याकडे मान वर करून बघणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही.

भाऊ कचेरीत कारकून होते. मुलुंडला भातखाचरं बुजवून प्लॉट पाडले तेव्हा त्यांनी एक घेतला आणि त्यावर कौलारू घर बांधलं. घराच्या पश्चिमेला खाचराचा जुना बांध तसाच राहिला होता. त्या बांधात त्यांनी एक आठळी खोचली. रोप आणून लावलं नाही, कारण फणसाला उपटून दुसरीकडे नेलेलं सोसत नाही. आमचं मूळ सरळ खाली जातं आणि जिथे गेलं तिथलंच होतं. त्या आठळीतून उगवलेला तो मी.

माझं मागणं फार नव्हतं. डोक्यावर भरपूर ऊन आणि पायाशी कोरडी जमीन, बस. पाणी अधूनमधून मिळालं तरी चालायचं. बारा महिने मी हिरवा, त्यामुळे याला काही हवं असेल असं कुणाच्या मनातसुद्धा यायचं नाही. भाऊंची बायको लवकर गेली. भाऊ सकाळी निघायचे ते दिवेलागणीला परतायचे. माझ्या खोडाला कपडे वाळत घालायची तार बांधली होती. माझा तेवढाच उपयोग. दिवसच्या दिवस कुणी बोलायचं नाही, आणि खोटं कशाला सांगू, मला फार एकटं वाटायचं.

मग त्रेपन्न साली मागच्या खोलीत भाडेकरू आले. गुणाजी परळच्या गिरणीत कामाला, आणि त्याची बायको मालन नुकतीच वेंगुर्ल्याकडून आलेली. तिच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला सोनटक्क्याचा गड्डा होता. तिच्या आईने घरामागचा उपटून दिलेला. मालनने सगळं आवार फिरून पाहिलं आणि तो माझ्या बुंध्याशी सावलीत लावला. मला म्हणाली, "घे रे, तुका सोबत हाडलंय."

माझ्याशी बोललेलं ते पहिलं माणूस.

सोनटक्का महा बडबड्या. कंबरेइतका झाला तेव्हापासून त्याचं तोंड बंद नाही. "तुला एवढं ऊन कसं रे सोसतं? माझी तर पानं करपतात," तो म्हणायचा. मी म्हणायचो, "आणि तुला ती ओल कशी सोसते? माझे पाय कुजतील." त्याला चाळणीतून आल्यासारखं कोवळं ऊन लागायचं, पायाशी कायमची ओल लागायची. माझं सगळं नेमकं उलटं. तरी आमचं छान जमलं. माझ्या सावलीत तो वाढला, आणि श्रावणात त्याची पांढरी फुलं उमलली की संध्याकाळी सगळं आवार घमघमायचं. मालन एक फूल अंबाड्यात खोचायची आणि माझ्या बुंध्याशी टेकून तांदूळ निवडायची. ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो.

पुढच्या पावसाळ्यात मालनची आई गेली. पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद असायच्या. मालनला जाता आलं नाही. ती दिवसभर सोनटक्क्यापाशी बसून राहिली आणि त्याच्या पानांवरून हात फिरवत राहिली. गुणाजी जेवायला बोलवायला आला तेव्हा म्हणाली, "आयेच्या हातचा आता ह्या एवढाच रवला."

तेव्हापासून ती त्याला जिवापाड जपू लागली. पाऊस सरला आणि जमीन सुकू लागली, तशी तिने न्हाणीपासून आमच्यापर्यंत एक पाट खणला. तिच्या माहेरी असंच असतं. न्हाणीचं पाणी मागच्या झाडांना जातं, फणस आणि सोनटक्का तिथेही शेजारी असतात आणि दोघेही मजेत असतात. पण ती डोंगरउताराची तांबडी माती. पाणी आलं तसं खाली निघून जातं. आमची खाचराची काळी चिकण माती. बांध केव्हाच झिजून सपाट झाला होता. आलेलं पाणी तिथेच साचायचं.

सोनटक्का खूश झाला. माझी वाट लागली. माझी पानं पिवळी पडू लागली, बोटाएवढे कोवळे फणस काळे होऊन गळू लागले. भाऊंना वाटलं, झाड तहानलंय. बिचारे कचेरीतून आले की बादल्याच्या बादल्या आणून ओतायचे. मालनही पाणी ओतायची. मी आतून ओरडत होतो, पण झाडाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

एका रविवारी भाऊंनी कुदळ घेतली आणि बुंध्याशी खणलं. खालून कुजका वास आला. काळी पडलेली मुळं त्यांनी गुणाजीला दाखवली. मग मालनला हाक मारली.

"मालन, हा पाट बुजवावा लागेल. झाड चाललंय."

"पाट बुजवलो तर सोनटक्को मरतलो, भाऊ."

"आणि नाही बुजवला तर फणस मरेल. हा माझ्या हातचा आहे, तो तुझ्या आईच्या हातचा. मी तुझ्यावर जबरदस्ती करणार नाही. तूच सांग."

मालन सोनटक्क्यापाशी वाकली. पाटाच्या ओलीने त्याला तेव्हा अवेळीच कळ्या आल्या होत्या. मग तिने पदर खोचला आणि भाऊंच्या हातून कुदळ घेतली.

"फणसाक हलवूक येवचा नाय," ती म्हणाली. "ह्येका येतला."

तिने आधी गड्डा काढला आणि मग स्वतःच्या हाताने पाट बुजवला. सोनटक्का रॉकेलच्या डब्यात गेला आणि डबा मागच्या पडवीत. माझ्या बुंध्याशी आता पाण्याचा थेंबही नको होता, आणि आवारात दुसरी सावली नव्हती. त्या पडवीवर दुपारपासून पश्चिमेचं ऊन यायचं. मालन जुनं लुगडं बांधून आडोसा करायची, पण वाऱ्याने ते उडायचं. सोनटक्क्याची पानं कडेने करपत गेली. कळ्या उमलल्याच नाहीत. मी हाक मारायचो, तो उत्तर द्यायचा नाही. एवढा बडबड्या, आणि गप्प.

हळूहळू मी सावरलो. नवी पालवी फुटली तसा मी एकच ध्यास घेतला. पडवीच्या बाजूची फांदी वाढवायची. दुपारची माझी सावली त्याच बाजूला पडायची, पण अंगणातच संपायची. वर्षभर मी सगळा जोर त्या फांदीत घातला. सावली अंगणभर सरकली, पायरीशी आली. आणखी थोडी पुढे जायला हवी होती.

तेवढ्यात गुणाजीला घाटकोपरला खोली मिळाली. निघताना मालनने डबा कमरेवर घेतला. सोनटक्क्याला दोनच पानं उरली होती. ती माझ्यापाशी आली, खोडावर हात ठेवून म्हणाली, "येतंय रे."  सोनटक्का जगला की नाही, मला आजवर कळलेलं नाही.

पुढच्या वैशाखात माझी सावली पडवीत पोचली. आता रोज दुपारी ती तिथे पडते, मोकळ्या फरशीवर. भाऊ पाहुण्यांना कौतुकाने सांगतात, झाड बघा कसं झकास सावरलं. मी नुसता ऐकतो. मी कुणामुळे सावरलो ते मला माहीत आहे.

मित्रांनो, दोन जीव शेजारी लावाल तेव्हा दोघांनाही विचारा, तुला काय हवं. एकाची माया दुसऱ्याला मारू शकते, आणि त्यात कुणाच्याच मनात वाईट नसतं. आणि तुमच्या घरी उन्हाने करपलेलं एखादं रोप असेल, तर भाऊंना विचारून ते पडवीत आणून ठेवा. इथे सावली गार आहे आणि मला सोबत हवी आहे. पाणी मात्र त्याच्या डब्यातच घाला.