शालनची विनंती

दिनानाथ साळवे आनंद विकायचा, आणि माल बरा खपायचा. शनिवारी वाशीत भाड्याच्या हॉलमध्ये त्याचा कोर्स असे. "सुख हा निर्णय आहे," असं तो माइकवर सांगायचा आणि खुर्च्यांवरची माणसं माना डोलवायची. पवित्र शास्त्रही आनंदच करायला सांगतं, असं तो चर्चच्या पाळकसाहेबांनाही ऐकवायचा.

करंजाड्याच्या घरातही तोच नियम. रडगाणं गायचं नाही. बायकोने, शालनने, "आज आई फोनवर..." असं सुरू केलं की हा बोट वर करी, "आधी तीन चांगल्या गोष्टी सांग." ती बिचारी सांगे, पाणी वेळेवर आलं, मेथी ताजी मिळाली. तिसरी शोधता शोधता फोनचं राहूनच जायचं, आणि दिनानाथला वाटायचं, गुण आला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्या रविवारी त्याने कोर्समधलं एक जोडपं, हितेश आणि गीतांजली, मुद्दाम उपासनेला आणलं होतं. आमचं घर बघा, आमची चर्चची मंडळी बघा, असा सगळा तोरा. गाणी झाली, उपदेश झाला, मग विनंत्यांची वेळ आली. ज्याला अडचण असेल त्याने उठून सांगायची आणि घरचं माणूस हजर असेल तर पहिली प्रार्थना त्यानेच करायची, अशी या मंडळीची रीत.

शालन उठली.

"माझ्यासाठी प्रार्थना करा," ती म्हणाली. "मला फार रडू येतं. घरी रडता येत नाही."

दिनानाथला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बायकोच्या रडण्यामुळे नव्हे, हितेशने त्याच्याकडे मान वळवली म्हणून. एवढ्या लोकांत हिला हेच सुचलं, हा त्याचा पहिला विचार. खोटं कशाला बोला, तो तसाच होता.

"दिनानाथभाऊ, घ्या," पाळकसाहेब म्हणाले आणि त्यांनी माइक दोघांच्या बाकाशी आणून दिला.

माइक हातात आला की त्याला उसनं बळ येत असे. त्याने डोळे मिटले. "हे प्रेमळ पित्या, आज मी शालनला तुझ्यापुढे आणतो. तिच्या मनात जे..." आणि गाडी तिथेच अडली. जे काय? देवाजवळ मागायचं तर नेमकं काय मागायचं? त्याने आठवून पाहिलं. मेथी आठवली, पाणी आठवलं. त्यापुढे काहीच नव्हतं.

त्याने डोळे उघडले. समोरच्या भिंतीवर साधा लाकडी क्रूस होता. तशाच क्रूसावर खिळलेल्या प्रभूने 'माझ्या देवा, तू मला का सोडलंस?' असा मोठ्याने ओरडून देवाला जाब विचारला होता, आणि त्याला कुणी आधी चांगलं काही सांग म्हटलं नव्हतं. आता दिनानाथला हितेशची लाज वाटत नव्हती, स्वतःची वाटत होती.

तो शालनकडे वाकला आणि हळूच म्हणाला, "तुला झालंय तरी काय?"

माइक तोंडाशीच होता. अख्ख्या मंडळीने ऐकलं.

शालनने मान वर केली नाही. "आई आता मला ओळखत नाही," ती म्हणाली. "मी रोज फोन करते. ती रोज विचारते, कोण बोलताय तुम्ही? मग मी माझं नाव सांगते, तर म्हणते, त्या नावाचं आमच्यात कुणी नाही."

हे सगळे फोन तिने दिनानाथच्या शेजारी सोफ्यावर बसून केले होते.

त्याने पुन्हा डोळे मिटले. कमावलेला आवाज कुठे गेला कोण जाणे.

"प्रभू," तो म्हणाला, "शालनला तिची आई ओळखत नाही. आणि मीही नाही."

त्याने माइक खाली केला. प्रार्थना संपली की अजून चालू आहे, कुणाला कळेना. शेवटी शालनच आमेन म्हणाली आणि मग मोकळेपणाने रडू लागली, आणि दिनानाथ बोट वर न करता तिच्याशेजारी बसून राहिला.