मिठाच्या पोत्याची दोरी

दोन जावांमधून विस्तव जात नव्हता, आणि मेंढा मात्र दोघींत मिळून एकच, काही दिवस हिच्याकडे, काही दिवस तिच्याकडे.

सासऱ्यानं मरण्याआधी कळप मोडून काट्याकुंपणाची दोन वाडगी केली, ती भांडणापायी नव्हे. या कोरड्या रानात एकीकडचं दूध आटलं तर दुसरीकडचं हाताशी असावं, एवढाच म्हाताऱ्याचा विचार. नवरे गुरं घेऊन लांबच्या कुरणावर गेलेले. मागे उरल्या या दोघी, आपापल्या मेंढ्या आणि एकमेकींची तोंडं.

मेंढी पाच महिन्यांनी विते. म्हणून ठरावीक दिवस मेंढ्याच्या पोटाखाली गोणपाट बांधून त्याला अडवायचं, म्हणजे कोकरं पावसानंतरच्या गवतावर जन्मतात. भर उन्हाळ्यात व्यालेली मेंढी स्वतःही जाते आणि कोकरालाही नेते. त्या वर्षी गोणपाट धाकटीनं शिवलं, आणि दोरी काढली रिकाम्या मिठाच्या पोत्याची.

"मिठाच्या पोत्याची दोरी कोण बांधतं गं?" थोरली म्हणाली.

"आमच्याकडे रेशमाची नाही, जाऊबाई," धाकटी फणकारली. थोरलीचं वाक्य तिच्या कानात शिरायचं ते टोमणा होऊनच. खरं सांगायचं तर थोरलीची जीभही तशीच होती. ती "जेवलीस का" म्हणाली तरी घास घशात अडकावा.

मग धाकटी तापानं अंथरुणाला खिळली. थोरली रोज यायची, तिच्या मेंढ्यांना पाणी दाखवायची आणि कपाळाला आठ्या घालून निघून जायची. ताप उतरल्यावर धाकटी भिंत धरत वाडग्यात गेली, तर गोणपाट लेंड्यांत पडलेलं आणि मेंढा मोकळा. किती दिवसांपासून, देव जाणे. दोरीचं टोक पार चिंध्या झालेलं. थोरलीचा विळाही तिच्या डोक्यासारखाच बोथट, धाकटी मनाशी म्हणाली. दुसरं कोण आलं होतं या वाडग्यात?

तळपायाची आग मस्तकात गेली. माझा कळप बुडवून मला माहेरी धाडायचंय होय? बुडवा. पण मी एकटी नाही बुडणार.

त्याच दिवशी मेंढा थोरलीकडे जायचा होता. धाकटीनं तीच दोरी पुन्हा बांधली, पण ओढताच सुटेल अशी. थोरली विहिरीवर गेलेली पाहून तिनं मेंढा तिच्या वाडग्यात सोडला आणि फाटक लावून घेतलं. परत येताना तिला फार बरं वाटलं. तापातून उठतानाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

उन्हाळा आला तो डोळे वटारूनच. धाकटीच्या मेंढ्या व्याल्या आणि कासेत थेंब नाही. कोकरं पायांवर उभी राहायच्या आत आडवी होऊ लागली, मागोमाग मेंढ्याही. ती रडली नाही. थोरलीच्या वाडग्यातूनही भुकेल्या कोकरांचा तसाच आरडाओरडा यायचा, आणि तो ऐकत जेवताना तिला कोरडी भाकरी गोड लागायची.

एका सकाळी थोरली दारात उभी. काखेत कोकरू, त्याची मान लोंबलेली. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही अशी ही बाई, तिनं आजवर कुणापुढे हात पसरला नव्हता.

"तुझ्या एखाद्या मेंढीला दूध आहे का? याची आई गेली. माझ्याकडे आता एकीलाही नाही."

"माझ्या मेल्या तेव्हा नाही आलात? पेरलंत तेच उगवलंय."

"मी काय पेरलं?"

"दोरी कुणी कापली? मी तापात होते तेव्हा!"

"कापायची कशाला? मिठाची दोरी मेंढ्या चावून खातात. तेच सांगत होते तुला. माझ्याकडे तर उरलीसुरलीही खाऊन टाकली, कळेपर्यंत उशीर झाला." थोरलीनं कोकरू सावरलं. "तरी मी एका शब्दानं बोलले का? म्हटलं, तापातून उठलीय, चुकली असेल पोर."

धाकटीला लाज वाटली, इतकी की आपण काय केलं ते सांगायची सोयही राहिली नाही.

"थांबा," एवढंच ती म्हणाली आणि वाडग्यात शिरली. उरलेल्या एकेका मेंढीची कास तिनं पिळून पाहिली. आटल्यात हे ठाऊक असूनही पुन्हा पहिल्या मेंढीपासून सुरुवात केली.

बाहेर थोरली वाट बघत उभी होती. म्हाताऱ्यानं याचसाठी तर दोन वाडगी केली होती.