गुडघा आणि जमीन

नरहर देवीची लस टोचत सेलू-केळझरकडच्या गावांतून फिरायचा. गेल्या साली नाल्यात बैलगाडी उलटली, तेव्हापासून त्याचा उजवा गुडघा अर्धाच वाके. आता हापिसानं फिरतीसाठी मोटारसायकल ठरवली होती. ती चालवता आली तर नोकरी, नाहीतर त्याच्या जागी दुसरा माणूस.

पुलगावात हिरालाल मिस्त्रीच्या दुकानापुढे लष्कराच्या लिलावातल्या दोन गाड्या उभ्या होत्या. एकाच कंपनीच्या, एकाच हिरव्या रंगाच्या. त्यांतली एक निवडायची होती. चढता-उतरता धरायला कोणीतरी हवं म्हणून सुमती नवऱ्यासोबत आली होती.

पहिलीवर नरहर बसला. तसा बुटकाच माणूस, तरी दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. पण पाय ठेवायच्या दांड्या वर आणि मागे. उजवा पाय चढवताना त्याचे ओठ पांढरे पडले. दुकानासमोरच्या मैदानाला एक फेरी मारून आला तेव्हा मानेवरून घाम निथळत होता.

"दुखलं?" सुमतीनं विचारलं.

"होईल सवय."

दुसरीची सीट चार बोटं उंच, पण दांड्या पुढे आणि खाली. गुडघा जवळजवळ सरळ राहिला. या फेरीत नरहरचे खांदे सैल पडले. वळणावर तर तो चक्क हसला. वर्षभरात सुमतीनं ते हसू पाहिलं नव्हतं. थांबताना मात्र डाव्या पायाचा अंगठा कसाबसा टेकला, आणि हिरालालला धावत जाऊन हँडल धरावं लागलं.

"पयलीच न्या, नरहरभाऊ," हिरालाल म्हणाला. "दुखू द्या थोडं. गाडी धावते तवा कोनालेही सांभाळते. थांबली का पाय पाह्यजे."

"हिचीच सीट खाली नाही का घेता येत?" सुमतीनं विचारलं.

"खाली सांगाड्याचं लोखंड हाये, वहिनी. नाई उतरत."

"तरी हीच बरी."

"वहिनी, गाडी पसंत करून राह्यलो आपन, नवरदेव नाई."

"त्यांचा चेहरा पाहिला ना तुम्ही?"

"मी पाय पाह्यला."

नरहरनं दोघांकडे पाहिलं. "ती म्हणते तर हीच," तो म्हणाला, आणि टाकीवरून हात फिरवला.

दिवाळीपर्यंत सुरळीत चाललं. गुडघ्याला चोळायच्या तेलाची वाटी चुलीवर चढेनाशी झाली. मग एका सकाळी केळझरच्या चढावर कापसाच्या बैलबंड्या अडल्या. उजव्या कडेनं पुढे निघालेल्या नरहरला थांबावं लागलं. रस्त्याची कड उतरती होती, गाडी उजवीकडे कलली. त्यानं उजवा पाय टाकला तिथं जमीन नव्हतीच. गाडी त्याच दुखऱ्या गुडघ्यावर आली. बंडीवाल्यांनी बैल सोडून, धावत येऊन ती उचलेपर्यंत तो तिच्याखालीच होता.

वर्ध्याच्या दवाखान्यात पाय मांडीतून काढावा लागला. दुसऱ्या दिवशी नरहरनं डोळे उघडले. सुमती उशाशी बसून होती. काय बोलायचं ते तिनं रात्रभर जुळवलं होतं. तिनं पाण्याचा पेला पुढे केला.

"गाडी कुठं आहे?" त्यानं विचारलं.

"हिरालालकडे."

त्यानं मान तिच्याकडे वळवली. मग तिची समजूत घालावी तसं हळूच म्हणाला, "तिच्यावर गुडघा दुखत नव्हता गं. खरंच नव्हता."

सुमतीनं चादर सारखी केली. चादरीखाली एकच गुडघा उंच होता.