आठ व्हॉल्व अन् कुंकू

थांबा व पोरींनो, मधात कोणी बोलू नका, मले सांगू द्या!

आमच्या अंगणातली ती मोटार, महाराष्ट्र झाला त्या साली बंद पडलेली, माहीत आहे न? आमचा लक्ष्मीकांतदादा शाळेत मास्तर, पण तीन वर्षांपासून तिचं इंजिन घरीच खोलून राह्यला, पुस्तक पाहू पाहू. यंदा बाबानं सांगून टाकलं, "दसऱ्याच्या संध्याकाळी सुरू झाली तं ठीक, नाही तं कडूबा भंगारवाला घेऊन जाईन." दादाचं तोंड एवढुसं झालं.

मंग दादा अन् मी लागलो कामाले. त्या इंजिनात आठ व्हॉल्व, हवा आत घेणारे चार, धूर सोडणारे चार. महिनाभर एकेक आपापल्या खाचेत घासून बसवला. अदलाबदल झाली का इंजिन दमच धरत नाही! म्हणून फळीवर खडूनं आकडे टाकून ओळीनं ठेवले.

अन् दसऱ्याच्या सकाळी पाहतो तं फळी कोरी!

आईनं फळी धुतली, व्हॉल्व राखेनं चकाचक घासले, अन् विळ्या-खुरप्यासंगं पाटावर गोल मांडून कुंकू वाहिलं!

"आई, काऊन हात लावला वं?" दादा ओरडला.

"मंग देवापुढं काळेकुट्ट ठेवू? तुह्याच हत्याराची पूजा केली न!"

दादा म्हणे, "आता कोणता कोणत्या खाचेतला, कसं ओळखू?" मी एक व्हॉल्व उचलला, तं बोट लाल. म्हटलं, "दादा! कुंकू तेलात कालवून व्हॉल्वले लावू, खाचेत दाबू. ज्या खाचेत लाल रिंगण पुरं उमटलं, ती त्याची!"

मंग काय! व्हॉल्व घासलेटनं धुतले. कुंकू आईनंच कालवलं, "पातळ पाह्यजे का जाड?" विचारू विचारू. कुठं अर्धं रिंगण, कुठं तुटकं, अन् एखादं असं गोल, का दादा टाळ्याच वाजवे! असं करू करू आठही जागेवर बसले, अन् इंजिन परत जोडलं.

संध्याकाळी बाबा शिलंगणाहून सोनं घेऊन आले, तवा कडूबा बैलगाडी जुंपून दारातच. दादानं हँडल मारलं. काहीच नाही. दुसऱ्यांदा, नुसती खोकली. तिसऱ्यांदा धडाड! धूरच धूर, सारी मोटार जागीच हालून राह्यली, इंजिन लंगडत चालून राह्यलं, पण चालून राह्यलं!

कडूबा म्हणे, "हे तं जित्तं हाये बाप्पा, मी नाही नेत."

सोनं लहानानं मोठ्याले द्यायचं असते न? पण बाबानंच पह्यले दादाच्या हातावर ठेवलं, मंग मोटारीच्या बोनेटवर. ते थरथरून खाली पडे, अन् आई उचलून परत ठेवे.