उसन्या गाई

ईस्टरआधीचा मोठा उपास सुरू झाला की आयर्लंडमधल्या क्लेअरच्या खेड्यांत कुणाचं लग्न लागत नसे, आणि उपासाला आठवडाच उरला होता. चाळिशीला टेकलेल्या मॉर्टीला यंदा तरी दोनाचे चार हात करायचे होते, तेही डीलियाशीच. जत्रेत तिला एकदा हसताना पाहिलं, तेव्हापासून स्वारी कामातून गेली होती.

आज तिचे वडील लॉरेन्स शेत बघायला येणार होते. मुलगी द्यायची तर आधी तिकडची जमीन पायाखाली घालायची, ही रीतच. मॉर्टीच्या गाई चार. लग्नं जुळवणाऱ्या थेडीने सकाळीच शेजारच्या ब्रिजीकाकूंच्या पाच गाई आणून त्यांत मिसळल्या.

"सगळेच करतात. तू फक्त तोंड बंद ठेव," त्याने बजावलं.

लॉरेन्स आले, आणि पद्धत नसताना डीलियाही आली. गवत, विहीर, छप्पर, सगळं त्यांच्या पसंतीस उतरलं. तेवढ्यात धारेची वेळ झाली आणि पाच गाई फाटकाशी जाऊन हंबरू लागल्या.

"संध्याकाळी फिरायला लागतं त्यांना," थेडी म्हणाला. "फार शौकीन."

डीलियाने विचारलं, "त्या तांबडीचं नाव काय?"

थेडी ढगांकडे बघू लागला. थाप मारून हिला घरात आणायची आणि जन्मभर नजर चुकवायची, हे मॉर्टीच्याने होणार नव्हतं.

"ठाऊक नाही. ती माझी नाही. त्या पाचही ब्रिजीकाकूंच्या. माझ्या चारच."

थेडीने कपाळाला हात लावला. लॉरेन्स म्हणाले, "चल गं घरी. असल्या लबाडांत मला मुलगी द्यायची नाही."

"थांबा बाबा. बिचाऱ्यांची कास तटतटलीय, आधी त्यांना घरी पोचवू. मॉर्टी, फाटक उघडा. मी पुढे होते, तुम्ही मागून हाका."

"दोघं? भर रस्त्यातून?" लॉरेन्स ओरडले. त्या गावात लग्नाची बोलणी चाललेली दोघं दिवसाउजेडी अशी बरोबर दिसली, की सोयरीक झालीच म्हणत. मग ती मोडायची कुणाची छाती नव्हती.

"हो, भर रस्त्यातून. खरं बोलला ना तो? मला तेवढंच बघायचं होतं."

मॉर्टी फाटकाला धरून तसाच उभा राहिला होता. रस्त्यावर पोचलेल्या डीलियाने मागे वळून पाहिलं.

"अहो, येताय ना?"